बाबांची चित्रं पाठवायची आहेत. एक काचेने फाटलं, बाकीची कशी बांधू?

रंकाळ्याची लेक

नमस्कार मंडळी. विषय थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझे बाबा कोल्हापुरात चित्रकलेचे शिक्षक होते. ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलं आणि चौतीस वर्षं एकाच शाळेत काढली. एलिमेंटरी-इंटरमीजिएटला बसलेली किती पोरं त्यांच्या हाताखालून गेली त्याचा हिशेब नाही. गेल्या वर्षी ते गेले. आता घर विकायचं ठरलंय, दिवाळीआधी रिकामं करून द्यायचंय. चित्रांची वाटणी आम्हा तिघा भावंडांत झाली, भांडण न होता झाली. धाकटा भाऊ बेंगळुरूला, ताई अमेरिकेत एडिसनला, मी इथेच.

पाठवायचं आहे ते असं. पंचगंगा घाटाचं जलरंगातलं चित्र, अर्धा इम्पीरियल कागद (साधारण 15 × 22 इंच), काचेच्या फ्रेममध्ये. ते ताईला. आई सोप्यात सुपात तांदूळ निवडत बसलीय ते तैलचित्र, 30 × 40 इंच, कॅनव्हास चौकटीवर ताणलेला, 1988 सालचं. ते भावाला. बाबांनी शेवटच्या वर्षी केलेलं एक ॲक्रिलिक, 24 × 24, तेही भावाला. त्यांचे लिनोचे छाप (लिनोलियमवर कोरून कागदावर काढलेले) पंचवीसेक असतील, ते दोघांत निम्मे निम्मे. आणि आजोबांच्या देवघरातली लक्ष्मी, रवी वर्मा प्रेसची छापील तसबीर, साडीवर जर आणि टिकल्या चिकटवलेली. ती ताईला हवीय, तिचा लहानपणापासून जीव आहे तिच्यावर.

आता माझा पराक्रम. मार्चमध्ये भावाकडे एक छोटं जलरंग-चित्र कुरिअरने पाठवलं. फ्रेमसकट जुन्या दुलईत गुंडाळलं, वर वर्तमानपत्राचे बोळे, वॉशिंग मशिनच्या खोक्यात घातलं. खोक्यावर चारी बाजूंनी लाल पेनाने ‘काच आहे, सांभाळून’ लिहिलं. भावाने उघडलं तर काचेचा चुरा, आणि एका तुकड्याने आकाशात तीन इंच चीर पाडलेली. बाबांचं आकाश म्हणजे ओल्यावर ओलं, एका दमात केलेलं, त्यात दुरुस्ती होत नाही. कुरिअरवाल्यांनी सांगितलं, पावतीच्या मागे लिहिलंय, काचेची जबाबदारी आमची नाही. बरोबर आहे, लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं.

तेव्हापासून एकही चित्र हलवायला हात धजत नाही. कुणी केलंय का हे? माळ्यावर जुन्या चादरी, थर्माकोल, खोकी भरपूर आहेत. त्यात भागेल का?

बबन्या

ताई, सगळी फ्रेममधून काढायची, गुंडाळायची, ट्यूबमध्ये घालायची, विषय संपला. पोस्टर असेच येतात की.

नाना फ्रेमवाले

बबनराव, थांबा जरा. पोस्टर आणि 1988 सालचं तैलचित्र यात फरक आहे.

ताई, पुण्यात माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं झाली. चित्रं बांधून देणं हा धंदा नाही, पण गिऱ्हाईक चित्र घेऊन दुसऱ्या गावी जाणार म्हटल्यावर करावंच लागतं. चुका करूनच शिकलो. त्यातली एक पुढे सांगतो.

आधी दुलईचं. माणसाला मऊ लागतं म्हणून चित्रालाही मऊ हवं असं वाटतं, तिथंच घोटाळा होतो. दुलई दबते. वर दुसऱ्याचं वीस किलोचं पार्सल आलं की सगळा भार दुलईतून थेट काचेवर. शिवाय वॉशिंग मशिनचा खोका म्हणजे आत जागाच जागा. चित्र त्यात कोल्हापूर ते बेंगळुरू सहाशे किलोमीटर इकडून तिकडे आपटत गेलं. काच बहुधा पहिल्या शंभरातच फुटली असेल. उरलेले पाचशे किलोमीटर तो तुकडा कागदावर घासत होता. चीर फुटण्याने नाही पडली, घासण्याने पडली. आणि ‘सांभाळून’ लिहिलेलं कुणी वाचत नाही. खोका कमरेइतक्या उंचीवरून कोपऱ्यावर पडणार असं धरूनच बांधायचं.

म्हणून जलरंगाचं पहिलं काम म्हणजे काच आणि फ्रेम इथंच सोडा. ताईंना एडिसनला नवी फ्रेम मिळेल, बाबांचा कागद मिळणार नाही. फ्रेम पालथी घाला, खाली चादर (चादरी इथं कामाला येतील). मागची खाकी पट्टी पात्याने कापा, खिळे पकडीने सरळ वर ओढा, तिरके नको. पाठीचा हार्डबोर्ड उचलला की पुढचं हळू. चित्र माउंटला (चित्राभोवतीच्या जाड कागदाच्या चौकटीला) वरच्या कडेनेच चिकटवलेलं असेल तर उत्तम. पूर्ण पाठीला फेविकॉल फासला असेल तर ओढू नका, बोर्डासकट पाठवा. आणि कागद काचेलाच चिकटलाय असं दिसलं तर हात लावू नका. तुमच्याकडे 2019ला पूर आला होता, दमट हवेत हे होतं. नखाने सोडवायला जाल तर रंग काचेवर राहील. तसं असेल तर इथं विचारा आधी.

कागद मोकळा झाला की त्यावर ग्लासीन घाला. गुळगुळीत, अर्धपारदर्शक, पतंगाच्या कागदासारखा कुरकुरीत कागद असतो तो. आर्ट मटेरियलच्या दुकानात आम्लमुक्त मागा. किराण्याच्या दुकानातला मेणाचा कागद नको. चित्राच्या चारी कोपऱ्यांना कागदाचे त्रिकोणी खिसे करा, फोटो अल्बममध्ये जुने असत तसे, आणि ते खिसे सनबोर्डला (जाहिरातीच्या फलकांचा हलका, ताठ बोर्ड) चिकटवा. चित्राला टेप एक मिलिमीटरही लागता कामा नये. 5 मिलिमीटरचे दोन सनबोर्ड, चित्रापेक्षा सगळीकडून दोन-दोन इंच मोठे, मध्ये चित्र. कडा टेपने बंद. त्यावर प्लास्टिक, मग दोन्हीकडून पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या आतल्या नळ्या एका बाजूला उभ्या आणि दुसऱ्या बाजूला आडव्या राहतील असा लावा. दोन्हीकडच्या नळ्या एकाच दिशेला गेल्या तर तो वहीसारखा मिटतो. प्लास्टिक सनबोर्डच्या बाहेरून, कागदाला लागून नाही. आणि पाऊस चालू असताना बांधू नका. दोन दिवस उघडीप बघा, चित्र कोरड्या खोलीत ठेवा, मग बांधा. ओल आत कोंडून पाठवलीत तर पोचेपर्यंत बुरशी धरेल.

आता माझी चूक. सात-आठ वर्षांपूर्वी एका बाईंचं ॲक्रिलिक होतं, नवीन, मस्त जाड थर दिलेले. मी बबल रॅप घेतला, फुगे आत, चित्राकडे. मे महिना, नागपूरची गाडी. पोचल्यावर त्यांनी फोटो पाठवला. अख्ख्या चित्रावर गोल गोल वण, गोवराचं पुरळ उठल्यासारखे. ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकच, उन्हात मऊ पडतं आणि त्याला टेकलेल्या कुठल्याही प्लास्टिकला चिकटू बघतं. पैसे परत दिले, पण चित्र गेलं ते गेलंच. तेव्हापासून फुगे नेहमी बाहेर, आणि ॲक्रिलिकला शक्यतो काहीच टेकू द्यायचं नाही. तुमच्या 24 × 24ला चौकटीच्या मागून चार लाकडी पट्ट्या स्क्रूने अशा बसवा की त्या कॅनव्हासपेक्षा इंचभर पुढे येतील. त्या पट्ट्यांवर पुठ्ठा ठेवला की चित्र आणि पुठ्ठा यांच्यात हवा राहते. ते जमणार नसेल तर स्टिकरच्या पाठीमागे असतो तो निसरडा रिलीज पेपर मोठ्या तावांत मिळतो, तो लावा. ग्लासीनसुद्धा जाड ॲक्रिलिकला उन्हाळ्यात धरलेलं मी पाहिलंय.

तैलचित्राचं सांगण्याआधी तुम्हाला एक काम. रात्री खोलीतले दिवे घालवा. मोबाइलचा टॉर्च चित्राच्या डाव्या कडेला जवळजवळ टेकवून आडवा धरा, उजेड पृष्ठभागावरून सरपटत गेला पाहिजे. समोरून जे गुळगुळीत दिसतं त्यात डोंगरदऱ्या दिसतील. मग उजवीकडून, वरून, खालून. बारीक भेगा दिसल्या तर त्यांच्या कडा वर उचलल्यात का बघा, तळ्याचं पाणी आटल्यावर चिखल जसा वाटीसारखा वळतो तशा. बोट लावू नका. फोटो इथं टाका, मग बोलू.

थर्माकोल माळ्यावरच राहू द्या. मणी सुटतात आणि सगळीकडे चिकटतात.

लिनोवाली

नानांनी एवढं सांगितलंय की मी लिनोपुरतंच बोलते. मी नाशिकला छाप काढते आणि ऑनलाइन विकते, त्यामुळे आठवड्याला चार-पाच पार्सलं हातून जातात.

ताई, बाबांचे छाप तेलाच्या शाईचे आहेत की पाण्याच्या? तेलाची शाई जाड बसली असेल तर वर्षानुवर्षांनी सुद्धा उन्हाळ्यात किंचित ओशट लागते, आणि गठ्ठ्यात एकावर एक ठेवली की वरच्याच्या पाठीवर खालच्याची सावली उमटते. प्रत्येक दोन छापांमध्ये ग्लासीन घालाच. आणि गठ्ठा करताना कागदाच्या कडा हाताने ‘टक टक’ करून जुळवू नका. कोपरे तिथेच मरतात. वर्तमानपत्र मध्ये अजिबात नाही, त्याची शाईही लागते आणि तो कागद आम्लधर्मी असतो, चांगल्या कागदालाही पिवळा करतो.

आकार किती आहे? ए3पर्यंत असतील तर सपाटच पाठवा. त्याहून मोठे असतील तर ट्यूब, पण बबन्या म्हणतात तशी नाही. छाप गुंडाळून ट्यूबमध्ये सोडला की तो आत उलगडून भिंतीला चिकटतो, आणि घेणाऱ्याला बाहेर काढताना कडा फाडाव्या लागतात. मी छाप आतल्या एका बारीक पुठ्ठ्याच्या नळीवर बाहेरून गुंडाळते, वर ग्लासीन, कागदाच्याच पट्टीने बांधते, आणि मग ती नळी मोठ्या ट्यूबमध्ये. बाहेरची ट्यूब चार इंची तरी हवी. दोन इंची ट्यूबमध्ये कागद इतका घट्ट वळतो की पोचल्यावर आठवडाभर वह्यांखाली ठेवावा लागतो. दोन्ही टोकांना कागदाचे बोळे कोंबायचे, नाहीतर नळी आत पिस्टनसारखी धावते आणि झाकण उडतं.

पुठ्ठ्याची ट्यूब पावसाळ्यात मऊ पडते म्हणून एकदा मी प्लंबरच्या दुकानातून 110 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप कापून आणला, दोन टोप्या लावल्या. भक्कम होता. पोस्टातल्या काकांनी हातात घेऊन विचारलं, “बोअरिंगचं सामान का?” वजनाने पोस्टेज बरंच वाढलं, पण माझा छाप गावाला पोचला आणि कोरडा पोचला.

अजून एक, हे मला गिऱ्हाइकाने शिकवलं. त्याने ट्यूब उभी धरून मधूनच कटर मारला, छापासकट कापली. आता मी टोकावर बाण काढून ‘इथून उघडा, पातं नको’ लिहिते. खोक्यालाही लिहा. बाहेरचे हमाल वाचत नसतील, उघडणारा वाचतो.

गोदीकर

नमस्कार. मुंबई बंदरावर कस्टम्स क्लिअरन्सच्या कामात आयुष्य गेलं, आता निवृत्त. दोन-तीन गोष्टी, कारण अमेरिकेचं प्रकरण नुसत्या बांधण्यावर थांबत नाही.

पहिलं, वजन. हवाई कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त त्याचे पैसे घेतं. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले 5000, आलं ते किलोत. नानांच्या पद्धतीने बांधलेलं जलरंगाचं पाकीट समजा 50 × 68 × 4 झालं, तर 2.7 किलो. तेच 30 × 40चं तैलचित्र चौकटीसकट 91 × 117 × 15च्या खोक्यात घातलंत तर जवळजवळ 32 किलो, प्रत्यक्षात काट्यावर सात-आठच भरेल. म्हणजे तुमची वाटणी योग्य झाली आहे, सपाट ते अमेरिकेला, मोठं ते बेंगळुरूला.

दुसरं, कागदपत्रं. हाताने काढलेलं चित्र कस्टम्सच्या मालयादीत 9701 या शीर्षकाखाली येतं, कलाकाराने स्वतः काढलेले मूळ लिनो छाप 9702खाली, यंत्रावर छापलेली चित्रं 4911खाली. एका पाकिटात तिन्ही घालून नुसतं ‘पेंटिंग्ज, गिफ्ट’ लिहिलंत तर कुठेतरी अडकतं. चित्रकाराचं नाव, साल, माध्यम, आकार आणि वाजवी किंमत लिहा. किंमत शून्य लिहू नका. विम्यालाही तीच धरतात.

लाकडी पेटी करणार असाल तर साध्या फळ्यांची नको. परदेशी जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला आयएसपीएम-15चा (लाकडातली कीड रोखण्याचा आंतरराष्ट्रीय) नियम आहे. लाकडाच्या गाभ्यापर्यंत 56 अंश उष्णता 30 मिनिटं द्यावी लागते आणि तसा शिक्का लागतो. प्लायवूडला यातून सूट आहे. पण तुम्हाला पेटीच लागणार नाही.

तिसरं आणि महत्त्वाचं, लक्ष्मी. रवी वर्मांचा छापखाना 1894ला मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तसबिरीच्या खालच्या कडेला ‘कार्ला-लोणावळा’ अशी ओळ आहे का बघा, असेल तर ती त्याच मळवलीच्या छापखान्याची. आपल्याकडे 1972चा पुरावस्तू आणि कलाकोष कायदा आहे. शंभर वर्षं पुरी झालेली कलाकृती त्यात पुरावस्तू ठरू शकते, आणि पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमची तसबीर शंभरीच्या आतली आहे की पलीकडची हे तुम्ही ठरवायचं नाही, मी तर नाहीच. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र मिळालं तरच ती पाठवा. ‘जुनं कॅलेंडर’ लिहून पाठवा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. घेऊ नका.

बबन्या

मी तोच सल्ला देणार होतो. गप्प बसतो.

रंकाळ्याची लेक

सगळ्यांचे खूप आभार. तीन आठवडे लागले, पण आता लिहिण्यासारखं काहीतरी आहे.

घाटाची फ्रेम उघडली. नाना, खिळे इतके गंजलेले की दोन तर पकडीतच तुटले. कागद माउंटला फक्त वरून चिकटवलेला होता, बाबांनी स्वतः केलेलं काम असणार, बोर्डाला फेविकॉलचा थेंब नव्हता. पण हार्डबोर्ड आणि चित्र यांच्यामध्ये त्यांनी काय घातलं होतं माहितीय? 1991च्या इंटरमीजिएटची प्रश्नपत्रिका. स्थिरचित्र, वेळ तीन तास. तिच्या पाठीवर पेन्सिलने हिशेब, ‘काच, पट्टी, खिळे’ आणि पुढे आकडे. लिनोवाली म्हणाली तसंच झालं होतं, त्या कागदाचा चौकोन चित्राच्या पाठीवर तपकिरी उमटलाय. समोर आला नाही अजून. प्रश्नपत्रिका मी ठेवून घेतली, वाटणीत धरलेली नव्हती.

ग्लासीन कोल्हापुरात दोन दुकानांत विचारलं, दोघांनीही पतंगाचा कागद पुढे केला. तिसऱ्याने पुण्याहून मागवून दिला. सनबोर्ड जाहिरातीचे फलक बनवणाऱ्याकडे मिळाला, त्याने मापाने कापूनही दिला. पाऊस थांबेना म्हणून नऊ दिवस थांबले. गोदीकरकाकांनी सांगितलं तसं जलरंगाचं आणि तेरा लिनोंचं वर्णन वेगवेगळं लिहिलं. परवा ताईने व्हिडिओ कॉलवर उघडलं. बाहेरच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा पार चेपलेला, इंचभर आत गेलेला. माझ्या पोटात गोळा. पण ते दोन इंच नानांनी जास्तीचे सोडायला लावले होते ना, चेपणं तिथंच थांबलं. घाट जसाच्या तसा. ताई काही बोलली नाही, कागद नाकाशी धरला आणि म्हणाली, “याला आपल्या कपाटाचा वास आहे.”

लक्ष्मीच्या खाली ‘कार्ला-लोणावळा’ आहे, भिंगाने वाचलं. ती कुठेही जात नाही. आत्याकडे देतेय. ताई नाराज आहे, पण कायदा म्हटल्यावर मला वाईटपणा नाही.

आता टॉर्च. नाना, तुम्ही सांगितलं तसं केलं आणि नको ते दिसलं. आईच्या डाव्या कोपराजवळ, जिथे सुपाची कड आहे, तिथे हाताच्या पंजाएवढ्या जागेत भेगा आहेत आणि तीन-चार ठिकाणी कडा वर आल्यात. समोरून मला इतक्या वर्षांत कधी दिसल्या नाहीत. फोटो टाकलेत.

नाना फ्रेमवाले

फोटो पाहिले, मोठे करून पाहिले. ताई, हे चित्र कुरिअरला द्यायचं नाही, ट्यूबमध्ये तर स्वप्नातही नाही. मी मुद्दाम आधी टॉर्च लावायला सांगितलं ते यासाठीच.

बबनरावांसाठीही सांगतो, कारण हा प्रश्न दुकानात रोज येतो. तैलरंग पाण्यासारखा वाळत नाही. अळशीचं तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होत जातं, आणि ते काम वर्षानुवर्षं चालू राहतं. नवं तैलचित्र ताज्या पोळीसारखं, घडी पडते. पस्तीस-चाळीस वर्षांचं म्हणजे शिळी भाकरी. ते वळवायला गेलं की मोडतं. नव्या कॅनव्हासला गुंडाळायचंच झालं तर रंग बाहेरच्या अंगाला ठेवून, आणि नळी सहा-आठ इंच जाडीची घेऊन. रंग आत घेतला तर थर चेपून उचलला जातो. पुष्कळ लोक रंग जपायचा म्हणून आत घेतात.

तुमच्या चित्राला आधी उचललेला रंग बसवून घ्यायला हवा. ते माझं काम नाही, आणि कुणी फ्रेमवाला ‘मी करतो, फेविकॉल पातळ करून सोडतो’ म्हणाला तर चित्र उचलून घरी या. संवर्धकाकडे (जुनी चित्रं दुरुस्त करून जपणाऱ्या तज्ज्ञाकडे) न्या. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. तोवर चित्र भिंतीला लावू नका. मोठ्या टेबलावर आडवं ठेवा, रंग वर. म्हणजे एखादा कण सुटला तरी जागच्या जागी राहील. वर काही झाकू नका, कण झाकणाला लागेल. खोलीचा पंखा बंद.

भाऊ गाडी घेऊन येणार असेल तर कोल्हापूरहून मुंबई, तिथून पुढचं ते लोक सांगतील. गाडीत मागची सीट पाडून आडवंच न्यायचं, चौकटीच्या चारी कोपऱ्यांखाली फोमचे ठोकळे, मध्ये काही टेकता कामा नये. ड्रायव्हरला खंबाटकी घाट सावकाश घ्यायला सांगा.

रंकाळ्याची लेक

भाऊ दसऱ्याला येतोय. आडवं ठेवलंय, पंखा बंद. मांजराला खोलीबाहेर काढलंय आणि ती दाराशी बसून शिव्या घालतेय.

एक राहिलं. माळा आवरताना बाबांचे लिनोचे कोरलेले ठोकळेच सापडले, एकोणीस आहेत. लाकडावर चिकटवलेले, काहींवर वाळलेली काळी शाई तशीच. लिनो कडक झालाय, एकाची लाकडापासून सुटलेली कड वाकवून बघितली तर तडा गेला. याचं काय करायचं?

लिनोवाली

वाकवू नका! लिनोतही अळशीचंच तेल असतं, तोही जुना झाला की भाकरीच होतो. वाळलेली शाई खरवडू नका, तशीच राहू दे. एकावर एक रचू नका, उभे ठेवा, पुस्तकांसारखे, मध्ये पुठ्ठ्याचे तुकडे. आणि ते कुठेही पाठवू नका. मीच येते कोल्हापूरला. तुमची हरकत नसेल तर एकेक छाप काढून बघू, माझ्याकडे छोटा हातप्रेस आहे, गाडीच्या डिकीत मावतो.

बबन्या

प्रेस दुलईत गुंडाळू नका म्हणजे झालं.